लॅपटॉपचं उजवं बटण कुठे असतं?

संगणकाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळी आलेली बरीचशी पत्रं राइट क्लिकची, म्हणजे उजवं बटण दाबून मेन्यू उघडण्याचीच होती, म्हणून हे पान त्यालाच दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिलंय, कारण ती अडचण खूप जणींची आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यावल तालुक्यातली. आमचा बायकांचा बचत गट आहे, केळीचे वेफर्स करून विकतो. हिशेब माझ्याकडे असतो. आधी वहीत लिहायचे, आता मुलाने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवलाय. एक्सेलमध्ये नावं, हप्ते, व्याज भरायला मी शिकले. अडतं ते एकाच ठिकाणी. गटात नवीन बाई आली आणि तिचं नाव मधल्या ओळीत घालायचं असलं की मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, राइट क्लिक कर आणि इन्सर्ट कर.’ पण या लॅपटॉपला बटणंच नाहीत, नुसती सपाट पाटी आहे. कधी तरी मेन्यू उघडतो, पण कशामुळे उघडला ते कळत नाही. तो म्हणतो दोन बोटं लाव. मी लावते, तर पान वर-खाली पळतं. मग तो चिडतो, मी फोन ठेवते आणि नाव सगळ्यात शेवटी टाकून मोकळी होते. लॅपटॉप खराब आहे का? माउस आणू का?
— बचत गटाची सचिव, यावल तालुका

उत्तर : ताई, लॅपटॉप खराब नाही. मेन्यू अधूनमधून उघडतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पाटी काम करते. दोन बोटं लावल्यावर पान सरकतं, म्हणजे तिला तुमची दोन्ही बोटं वेगवेगळी ओळखूही येतात. राहिलंय ते फक्त बोटांचं वळण, आणि ते फोनवरून शिकवता येत नाही. तुमचा हात मुलाला दिसत नाही, त्याचा तुम्हाला दिसत नाही. तो दिवसभर न बघता जे करतो ते शब्दांत सांगणं त्याला जड जातं. त्याचा राग मनावर घेऊ नका.

त्या सपाट पाटीला टचपॅड म्हणतात. आमच्या जळगावच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी ना कुणी विचारतंच, ‘मॅडम, उजवं बटन कोठे शे?’ बटण आहे, फक्त वरून दिसत नाही. टचपॅडची खालची कडा, म्हणजे तुमच्या पोटाकडची, चाचपून बघा. तिच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवून दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि मेन्यू उघडतो. बहुतेक लॅपटॉपची पाटी वरच्या कडेला अडकवलेली असते, त्यामुळे ती खालीच सहज दबते, वर घट्ट लागते. तुम्ही जोर लावून मधोमध दाबत असाल तर ते डावं क्लिक धरलं जातं. बोट अगदी कोपऱ्याजवळ न्या.

आता दोन बोटांचं. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण तिला जोर लागत नाही आणि कोपरा शोधावा लागत नाही. आधी एका बोटाने बाण हव्या त्या जागी न्या आणि बोट उचला. मग तर्जनी आणि मधलं बोट, दोघांत थोडी फट ठेवून, एकाच वेळी पाटीवर टेकवा आणि लगेच उचला. तव्यावरची भाकरी भाजली की नाही हे बघताना आपण बोटं कशी टेकवून उचलतो? तितकाच वेळ. तुमचं पान वर-खाली पळतं याचं कारण इथेच आहे. बोटं पाटीवर राहिली आणि केसभर जरी सरकली, तरी संगणकाला वाटतं की तुम्हाला पान पुढे न्यायचंय. दोन्ही बोटं चिकटून ठेवली तर त्याला ते एकच बोट वाटू शकतं. एक बोट आधी आणि दुसरं नंतर टेकलं तरी बिनसतं. आणि डाव्या हाताचा अंगठा पाटीच्या कडेवर विसावलेला नाही ना, तेही बघा. ही सवय फार जणांना असते, आणि मग बोटांचा हिशेब चुकतो.

सरावासाठी बचत गटाची फाइल उघडू नका. डेस्कटॉपच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू केल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पडद्याच्या, रिकाम्या जागेवर दोन बोटं टेकवा, मेन्यू उघडेल. मग डाव्या वरच्या कोपऱ्यातलं ‘एस्केप’ बटण दाबा, मेन्यू मिटेल. पुन्हा करा. राइट क्लिक केल्याने काहीही पुसलं जात नाही, बिघडत नाही. तो मेन्यू म्हणजे ‘या वस्तूचं काय काय करता येईल’ याची नुसती यादी असते. त्यातलं काही निवडेपर्यंत काहीच घडत नाही. चुकून निवडलं गेलंच, तर ‘कंट्रोल’ धरून ‘झेड’ दाबा, बहुतेक वेळा आधीचं परत येतं. ही भीती गेली की बोटं आपोआप हलकी पडतात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुम्ही वेफर्स करता, म्हणून आणखी एक सांगते. टचपॅड बोट ओळखतं ते दाबावरून नाही. माणसाच्या शरीरातून वीज वाहू शकते, आणि बोट जवळ आलं की पाटीखालच्या जाळीतला विद्युतभार किंचित बदलतो. तो बदल मोजून पाटी बोट ओळखते. हाताला पाणी किंवा घाम असला की तिचा गोंधळ होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर घाम तर असतोच. बोटांवर केळीचा चीक वाळलेला असला, सोलण्याआधी हाताला लावलेलं तेल असलं, किंवा विळा-कोयत्याने घट्टे पडलेले असले तरी पाटीला बोट नीट लागत नाही. हिशेबाला बसण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. पाटीवर चीक बसला असेल तर लॅपटॉप बंद करून, अगदी किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा. पाणी थेट टाकू नका. नखाने खरवडू नका.

आणि चार्जर. चार्जर लावलेला असताना बाण आपोआप थरथरतो किंवा भलतीकडेच क्लिक होतं का, ते बघा. होत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर करून बघा. बॅटरीवर नीट चाललं, तर दोष बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये किंवा चार्जरमध्ये आहे. गावाकडे कित्येक घरांत तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर असतं, पण अर्थिंगची तार आत जोडलेलीच नसते. वायरमनला बोलावून ती आधी जोडून घ्या. राइट क्लिक जाऊ द्या, तुमच्या जिवासाठीही ती लागते.

हे सगळं करूनही दोन बोटांनी मेन्यू आला नाही, तर सेटिंग बघायचं. विंडोजच्या खिडकीची खूण असलेलं बटण धरून ‘आय’ दाबा, सेटिंग्ज उघडतील. विंडोज ११ असेल तर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्यात ‘टचपॅड’. विंडोज १० असेल तर ‘डिव्हायसेस’ आणि त्यात ‘टचपॅड’. तिथे ‘टॅप विथ टू फिंगर्स टू राइट-क्लिक’ आणि ‘प्रेस द लोअर राइट कॉर्नर ऑफ द टचपॅड टू राइट-क्लिक’ अशा दोन ओळी दिसतील. दोन्हींपुढे बरोबरची खूण करा. तिथेच ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ असतं. हात राबते असतील तर ती ‘हाय’ किंवा ‘मोस्ट सेन्सिटिव्ह’ ठेवा. काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीचा स्वतःचा वेगळा प्रोग्रॅम असतो आणि या ओळी दिसत नाहीत. मग खालचा कोपरा किंवा कीबोर्ड वापरा.

कीबोर्डची वाट प्रत्येकाने पाठ करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. ‘शिफ्ट’ धरून ‘एफ १०’ दाबलं की राइट क्लिकचा मेन्यू उघडतो. पाटी बंद पडली, बोटं भरलेली असली, काहीही असलं तरी हे चालतं. काही लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणं आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला लावलेली असतात. तिथे ‘शिफ्ट’बरोबर ‘एफ एन’ही धरावं लागतं. काही कीबोर्डवर उजव्या ‘कंट्रोल’जवळ चार रेघांच्या पानाचं चित्र असलेलं बटण असतं. ते केवळ याच कामासाठी आहे. २०२४ पासून निघालेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर त्या जागी ‘कोपायलट’ या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं बटण आलंय, म्हणून ते सापडलं नाही तर शोधत बसू नका.

आता तुमची नोंदवही. ज्या ओळीच्या वर नवीन नाव हवंय, त्या ओळीच्या डाव्या टोकाला असलेल्या आकड्यावर बाण न्या, दोन बोटं टेकवा, ‘इन्सर्ट’ निवडा. वर कोरी ओळ तयार होईल. कीबोर्डनेच करायचं तर त्या ओळीत कुठेही उभं राहून ‘शिफ्ट’ आणि स्पेसबार दाबा, सगळी ओळ निवडली जाईल. मग ‘कंट्रोल’ आणि ‘शिफ्ट’ दोन्ही धरून बरोबरच्या (=) चिन्हाचं बटण दाबा.

नावं शेवटी टाकत आलात, त्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. क्रमाचं काही नाही, बेरजेचं आहे. एकूण रकमेचं सूत्र ‘या ओळीपासून त्या ओळीपर्यंत’ असं बांधलेलं असतं. मधे ओळ घातली की सूत्र आपोआप ताणलं जातं आणि नवी रक्कम बेरजेत येते. शेवटच्या ओळीखाली नाव टाकलं तर ती रक्कम बाहेर राहण्याची शक्यता असते, आणि कागदावर सगळं ठीकच दिसतं. आजच एकूण रकमेच्या चौकटीवर क्लिक करून वरच्या पट्टीतलं सूत्र वाचा. कंसातला शेवटचा आकडा तुमच्या शेवटच्या नावाच्या ओळीचा आहे का, ते बघा. नसेल तर ती ओळ योग्य जागी हलवा. डावीकडच्या आकड्यावर क्लिक करून ‘कंट्रोल’ आणि ‘एक्स’ दाबा, जिथे हवी तिथल्या आकड्यावर दोन बोटं टेकवा आणि ‘इन्सर्ट कट सेल्स’ निवडा. हलवून झालं की सूत्र पुन्हा एकदा वाचा. गटातल्या बायकांचा पैसा आहे, तिथे अंदाजावर राहू नका.

माउस आणायला हरकत नाही. महिनाअखेरीला तास-दोन तास एका बैठकीत हिशेब करायचा असेल तर मनगटाला माउस बराच बरा पडतो, आणि साधा वायरचा महाग नसतो. पण दोन बोटं आधी शिका. बँकेत, पंचायत समितीत, दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर काम करायची वेळ येते तेव्हा माउस घरी असतो.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालेला, वय सत्तरच्या पुढे. उजवा हात कापतो. टचपॅडवर बोट ठेवलं की भलतंच उघडतं, राइट क्लिक तर जमतच नाही. डावा हात स्थिर आहे. मुलांना पत्रं टाइप करतो, जुने फोटो लावून ठेवतो.
— भुसावळ

उत्तर : आबा, नमस्कार. तुम्ही टचपॅडच्या मागे लागूच नका. माउस घ्या आणि तो डाव्या हाताशी ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘माउस’ उघडलं की ‘प्रायमरी माउस बटण’ असं दिसतं, तिथे ‘राइट’ निवडा. मग नेहमीचं क्लिक उजव्या बटणावर येईल, म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीखाली, आणि मेन्यू डाव्या बटणाने उघडेल. टचपॅडच्या सेटिंगमध्ये ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड’ या ओळीपुढची खूण काढून टाका. माउस जोडलेला असेपर्यंत पाटी झोपून राहील, आणि हात कितीही लागला तरी काही उघडणार नाही.

माउसही हलतो असं झालं तर आणखी एक सोय आहे. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा वेगळा चौकोन असेल, तर डावं ‘ऑल्ट’, डावं ‘शिफ्ट’ आणि ‘नम लॉक’ ही तिन्ही एकदम दाबा आणि समोर आलेल्या प्रश्नाला ‘यस’ म्हणा. आता आकड्यांच्या बटणांनी बाण सरकतो. वजाबाकीचं चिन्ह एकदा दाबून मग ५ दाबलं की राइट क्लिक होतं. भागाकाराच्या तिरप्या रेघेने पुन्हा साधं क्लिक चालू होतं. याला वेग नाही, पण एकेक बटण सावकाश दाबता येतं आणि बाण जिथे थांबवाल तिथेच थांबतो. फोटोंना नावं द्यायची असतील तर राइट क्लिकचीही गरज नाही. फोटो निवडून ‘एफ २’ दाबा आणि नाव टाइप करा.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढतो. नुकताच ॲपलचा सेकंड-हँड मॅकबुक लॅपटॉप घेतलाय. विंडोजवर दोन बोटं टेकवायचो तसं इथे केलं तर काहीच होत नाही.
— धुळे

उत्तर : भाऊ, मॅकवर नुसतं टेकवून चालत नाही, दोन बोटं ठेवून पाटी दाबावी लागते. ‘टॅप टू क्लिक’ ही सोय तिथे मुळात बंद असते. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘ट्रॅकपॅड’ उघडून ‘पॉइंट अँड क्लिक’मध्ये ती चालू करा, आणि शेजारी ‘सेकंडरी क्लिक’ दोन बोटांवर आहे ना तेही बघा. जुन्या मॅकवर त्याच जागेला ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ म्हणतात. घाईच्या वेळी ‘कंट्रोल’ धरून साधं क्लिक करा, मेन्यू उघडतोच. ‘कमांड’ नव्हे, ‘कंट्रोल’. विंडोजवरून आलेल्यांची इथेच गल्लत होते.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपला पाटीखाली दोन वेगळी बटणं होती. मग ती काढली कशाला? राइट क्लिक आलं तरी कुठून?
— नंदुरबार

उत्तर : चांगलं विचारलंस बेटा. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे चालवून दाखवला, त्याला तीन बटणं होती. पुढे १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला तो एकाच बटणाचा माउस घेऊन. कुठलं दाबू असा प्रश्नच माणसाला पडू नये, असा त्यामागचा विचार होता. वस्तूवर उजवं क्लिक करायचं आणि तिथल्या तिथे तिचा मेन्यू उघडायचा ही सवय घराघरात नेली ती विंडोज ९५ ने. ते २४ ऑगस्ट १९९५ ला बाजारात आलं. तुझ्या वडिलांच्या लॅपटॉपची दोन बटणं म्हणजे त्याच माउसची बटणं पाटीखाली आणून बसवलेली.

२००८ मध्ये ॲपलने वेगळं बटण नसलेली काचेची पाटी मॅकबुकमध्ये आणली, सगळी पाटीच दाबायची. हळूहळू विंडोजच्या लॅपटॉपनेही तेच केलं. बटणं गेली की बोटं फिरवायला जागा मोठी मिळते, आणि दोन-तीन बोटांच्या खुणांना ती लागते. हे खरं आहे. पण जिथे दाबायचं तिथे एखादी बारीक रेघ तरी कोरून ठेवायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. काही कंपन्या ती अजून देतात. पहिल्यांदाच लॅपटॉपला हात लावणाऱ्या माणसाला त्या एका रेघेने केवढा आधार मिळतो, हे वर्गात शिकवणाऱ्याला विचारा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा पडदा बोटाने चालतो. त्यावर राइट क्लिक होतं का?
— अमळनेर

उत्तर : होतं. वस्तूवर बोट टेकवून तसंच धरून ठेवा, चौकोन उमटला की बोट उचला.

प्रश्न : एका सरकारी साइटवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होते. बाकी सगळीकडे राइट क्लिक चालतं, तिथेच चालत नाही. खातं क्रमांक कॉपी करून दुसऱ्या चौकटीत पेस्ट करायचा होता, तोही होईना. मैत्रीण म्हणाली, राइट क्लिक चालू करणारं एक्स्टेंशन टाक.
— शहादा

उत्तर : एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकू नकोस बेटा. असं एक्स्टेंशन तू उघडलेल्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचण्याची परवानगी मागतं, आणि त्या पानांवर तुझा आधार क्रमांक, खातं क्रमांक, पासवर्ड असतात. एका क्लिकसाठी एवढं कुणाच्या हाती द्यायचं नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोष नाही. ती साइट बनवणाऱ्यांनी राइट क्लिक तिथे मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. नाव-पत्त्यासारख्या चौकटींत ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’ने पेस्ट करून बघ, कित्येकदा तेवढं चालतं.

खातं क्रमांकाची दुसरी चौकट मात्र पेस्ट घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या चौकटीत चूक झाली असेल तर पेस्ट केल्यावर तीच चूक दुसरीकडे जाईल, आणि संगणकाला दोन्ही सारखेच वाटतील. दुसऱ्यांदा हाताने टाइप केलं तरच फरक पकडला जातो. चुकीच्या खात्यामुळे अडकलेली शिष्यवृत्ती सोडवायला कॉलेज आणि बँकेच्या ज्या फेऱ्या घालाव्या लागतात, त्या मी विद्यार्थ्यांबरोबर घातल्या आहेत. पासबुक समोर उघडं ठेव, क्रमांक दोन्ही वेळा त्यातूनच बघून टाइप कर, पहिल्या चौकटीतून नाही. आणि ‘सबमिट’ दाबण्याआधी घरातल्या कुणाला तरी पासबुकातले आकडे मोठ्याने वाचायला सांग, तू पडद्यावर बघत जा.